वाफसा आणि मातीतली पोकळी

मृगाचा चांगला पाऊस होऊन आकाश उघडले, तरी जाणता शेतकरी लगेच पेरणीची पाभर घेऊन शेतात उतरत नाही. तो मूठभर माती उचलतो, दाबून तिचा गोळा करतो आणि अंगठ्याने हलकेच ढकलून पाहतो. गोळा सहज फुटून मोकळा झाला, तर रान वाफशावर आले असे तो म्हणतो; माती हाताला चिकटली, तर आणखी एक-दोन दिवस थांबतो. मातीच्या आरोग्याचे बरेचसे शास्त्र वाफसा या एका शब्दात सामावले आहे, कारण तो शब्द मातीतल्या रिकाम्या जागेविषयी काही सांगतो, आणि नेमका तोच भाग आपल्या नजरेतून सुटतो.

चांगल्या मातीच्या एकूण आकारमानापैकी साधारण निम्मा भागच घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे कणांमधल्या लहानमोठ्या पोकळ्या. पाऊस पडत असताना त्या सगळ्या पाण्याने भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतले पाणी आपल्या वजनाने खाली झिरपते आणि तिथे हवा शिरते, तर बारीक पोकळ्यांतले पाणी केशाकर्षणाने धरून ठेवले जाते. एका जागी पाणी आणि शेजारीच हवा, अशी ही स्थिती म्हणजे वाफसा. मुळांना दोन्ही लागतात, कारण मुळेही श्वास घेतात. पोकळ्या पाण्याने तुडुंब राहिल्या तर काय होते, हे एका आकड्यावरून कळेल: पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी कमी असतो. साचलेल्या पाण्यात पीक पिवळे पडते, त्यामागे मुळांची ही घुसमट असते. शिवाय प्राणवायू संपला की काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात, आणि महागामोलाने टाकलेल्या खतातले नत्र वायू होऊन उडून जाते.

दख्खनच्या काळ्या जमिनीत हा हिशेब अधिकच नाजूक आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट खडक झिजून ही माती तयार झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान आणि पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगतात, सुकले की आक्रसतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या, हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा याच आकुंचनाच्या. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसात भेगा मिटतात, आणि जमीन वर्षानुवर्षे स्वतःच स्वतःची थोडीफार नांगरट करत राहते. मात्र अशी माती पाणी भरपूर धरत असली, तरी त्यातले बरेच पाणी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. तिला मोठ्या पोकळ्यांची गरज हलक्या जमिनीहून जास्त असते.

या पोकळ्या घडवतात ते मातीतले जीव. कुजलेली मुळे मागे नळ्या सोडतात, गांडुळे बिळे करतात, बुरशीचे तंतू कणांना गुंफतात आणि जिवाणूंचे चिकट स्राव त्यांची रवाळ ढेकळे बांधतात. या साऱ्यांचे अन्न म्हणजे सेंद्रिय पदार्थ. आपल्याकडे मातीत सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असला, तर तो कमी समजतात. उष्ण हवेत तो झपाट्याने जळतो, म्हणून शेणखत किंवा ताग-धैंचासारखे हिरवळीचे पीक एकदा गाडून भागत नाही. भर सतत घालावी लागते. उसाचे पाचट पेटवून देणे म्हणजे ही भर हातानेच राखेत घालणे होय. मजुरीची आणि वेळेची अडचण खरी असते हे मान्य, पण जमिनीच्या खात्यात त्याची नोंद होतेच.

पोकळी मोडणे मात्र फार सोपे आहे. ओल्या रानात उसाने भरलेली ट्रॉली एकदा फिरली, तरी चाकाखालच्या मोठ्या पोकळ्या चेपून जातात. रोटाव्हेटरने माती पिठासारखी झाली की पहिल्याच सरीने तिच्यावर पापुद्रा धरतो, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि जाताना माती नेते. एका हेक्टरवरचा केवळ 1 मिलिमीटर थर गेला, तरी सुमारे 13 टन माती जाते; 1 सेंटिमीटर माती नव्याने तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत, हानीची आणखी एक तऱ्हा दिसते. पाटपाणी वारेमाप दिले आणि निचरा झाला नाही की भूजल वर चढते, त्याच्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरा थर मागे राहतो. अशा जमिनीत सोडियम साठला, तर ती चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, होते. कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना एकत्र बांधून ठेवतो. त्याची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांपासून सुटतात आणि पोकळ्या बुजवतात. जिप्सम हे कॅल्शियम असलेले खनिज घालतात ते सोडियमला हटवून कॅल्शियम परत आणण्यासाठी. पण सुटलेले क्षार वाहून नेणारे चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप नसतील, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा), सेंद्रिय कर्ब आणि इतर. काम मोलाचे आहे, परंतु त्या 12 घटकांत पोकळीचे थेट मोजमाप नाही. खतांचा हिशेब जुळलेला असूनही पीक का बसते, याचे उत्तर पुष्कळदा त्या न मोजलेल्या जागेत असते.

त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. बांधावरचे, जिथे नांगर कधी लागलेला नाही तिथले एक वाळलेले ढेकूळ आणि त्याच शेताच्या मधले दुसरे, अशी दोन्ही पाण्याच्या दोन पेल्यांत अलगद सोडावीत. शेतातले ढेकूळ लगेच विरघळून तळाशी गाळ झाला आणि बांधावरचे बराच वेळ तग धरून राहिले, तर मधल्या मातीला बांधणारे सेंद्रिय द्रव्य संपत आले आहे असे समजावे. पाणी दुसऱ्या दिवशीही दुधाळ गढूळ राहिले, तर सोडियमचा संशय घ्यावा आणि माती तपासून घ्यावी.