मोबाईलवर मेल येतोय पण जात नाही, तेव्हा नेमकं काय बिघडतं

मोबाईलवर मेल अडकला की बरेच जण आधी अकाउंटच डिलीट करतात आणि परत टाकतात. कधीकधी चालतंही, पण कधी त्यात जुने मेल कायमचे जातात, म्हणून आत काय चालतं ते थोडं सांगतो.

मेल पाठवणं आणि मेल आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, बऱ्याचदा सर्व्हरही वेगळे. पाठवायचं काम एसएमटीपी करतो, हा नियम १९८२ सालचा. आलेला मेल फोनपर्यंत आणतो आयमॅप नाहीतर पॉप. त्यामुळे मेल येतायत पण आउटबॉक्समधून हलत नाहीत असं असेल तर नेट चालू आहे, इनकमिंग बरोबर आहे, गडबड आउटगोइंगमध्ये आहे. तिथे सेटिंगमध्ये पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) २५ असेल तर आधी तो बदला, कारण स्पॅममुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात, ५८७ किंवा ४६५ टाका आणि आउटगोइंगला लॉगिन लागतं ही टिक चालू आहे का बघा. इनकमिंगला सुरक्षित आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५.

आता जुने मेल का जातात? आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो, फोनवर फक्त त्याची कॉपी. पॉप मात्र त्या काळातला आहे जेव्हा सर्व्हरवर जागा कमी आणि नेट फोनच्या लाइनवरून, थोडा वेळच मिळायचं, त्यामुळे मेल उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरचा पुसायचा हीच त्याची मूळ पद्धत. असं अकाउंट फोनमधून काढलं तर एकुलती एक कॉपी जाते!! म्हणून डिलीट करायच्या आधी ब्राउझरमधून लॉगिन करून मेल तिथे दिसतायत का एवढं बघाच.

पासवर्ड बरोबर असून चुकीचा दाखवतो ही तक्रार २०२२ नंतर खूप वाढली असेल, कारण गूगलने त्या वर्षी साध्या अकाउंटसाठी नुसत्या पासवर्डवर दुसऱ्या ॲपला आत घेणं बंद केलं. आता ॲप गूगलचं लॉगिन पान उघडतं आणि पासवर्डऐवजी त्याला एक टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, मिळतं. जुनं ॲप असेल तर टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं लॉगिन) चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मला हा बदल योग्यच वाटतो, कारण तुमचा खरा पासवर्ड प्रत्येक ॲपकडे पडून राहत नाही.

फोनची तारीख चुकली असेल तरी मेल बंद पडतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही पण कारण साधं आहे, सर्व्हर आपली ओळख म्हणून जे सर्टिफिकेट दाखवतो त्याला मुदत असते, आणि फोनला वर्षच चुकीचं माहीत असेल तर त्याला ते खोटं वाटतं. तारीख ऑटोमॅटिकवर ठेवा.

मेल उशिरा येत असेल तर बॅटरी सेव्हर बघा, तो ॲपला मागे झोपवतो. आयफोनच्या मेल ॲपमध्ये जीमेल टाकलं असेल तर ते लगेच येत नाही, ठराविक वेळाने आणलं जातं, लगेच हवं असेल तर जीमेलचंच ॲप घ्या. आणि जीमेलची फुकटची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्हसकट मोजली जाते, फोटोंनी ती भरली की मेल येणं थांबतं.

मोठी फाईल का अडकते? मेलमधून फाईल जाताना तिचे दर ३ बाइट ४ अक्षरांत बदलतात, म्हणजे २० एमबीची फाईल वाटेत २७ एमबीच्या आसपास होते, समोरची मर्यादा २५ असेल तर परत येते.

परत आलेल्या मेलमधला तीन आकडी कोड नक्की वाचा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच परत प्रयत्न करतो. ५ ने असेल तर वाट बघून उपयोग नाही: ५५० म्हणजे बहुतेक वेळा पत्ता चुकलाय, ५५२ म्हणजे समोरच्याची जागा किंवा साइजची मर्यादा संपली. पाठवतानाच ५३५ दिसला तर लॉगिन तपासा.