औषधी खाद्य (कोंबडीपालन)

कोंबड्यांना रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस होऊ नये म्हणून रोजच्या खाद्यातच थोडंसं औषध मिसळून द्यायची पद्धत. रोग होतो आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे. कोंबडीत त्याच्या ७ जाती मानतात, त्यातली आयमेरिया टेनेला सगळ्यात दुष्ट, गादीवर, म्हणजे शेडात अंथरलेल्या तुसावर, रक्ताळलेली विष्ठा दिसते, पिल्लं पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होतात.

सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. काही जण १९३० च्या दशकातल्या गंधकाच्या प्रयोगांपासून धरतात, रोग कमी व्हायचा हे खरं पण पिल्लांची हाडं कच्ची राहायची म्हणून ते मागं पडलं. १९३९ मध्ये अमेरिकेत पी. पी. लेव्हाईन या संशोधकांनी सल्फानिलामाइड या औषधाचा या रोगावरचा परिणाम दाखवला, हा टप्पा सगळेच मान्य करतात. पण सलग, कमी डोसात, आजार नसतानाही खाद्यातून द्यायचं हे खरं रूढ झालं ते १९४८ च्या सुमारास सल्फाक्विनॉक्झलिनने, तेव्हा उगम तिथूनच धरणं जास्त पटतं. पुढे १९५५ च्या आसपास निकार्बाझिन, १९६० च्या सुमारास अँप्रोलियम आणि १९७१ पासून मोनेन्सिन आलं, जे स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळतं.

ब्रॉयलरला मोनेन्सिन साधारण टनाला १०० ते १२० ग्रॅम, डायक्लाझुरिल हे दुसरं औषध फक्त १ ग्रॅम, म्हणून औषध आधी थोड्या मक्याच्या भरड्यात नीट कालवून मग मिक्सरमध्ये सोडतात, नाहीतर एका पोत्यात जास्त आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. मोनेन्सिनसारखी औषधं परजीवी पूर्ण मारत नाहीत, थोडे सुटतात आणि त्यातूनच पक्ष्याला प्रतिकारशक्ती येते, या औषधांना परजीवी हळूहळू सरावण्यामागे हेच एक कारण दिलं जातं. तरी सरावतातच, म्हणून औषध बदलत राहतात किंवा एकाच बॅचमध्ये स्टार्टरला (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात) एक आणि फिनिशरला (विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्यात) दुसरं देतात, त्याला शटल म्हणतात.

हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे. आजारी पक्षी खाद्य सोडतो पण पाणी पितो, म्हणून रोग उठल्यावर औषध पाण्यातून द्यायचं. पावसाळ्यात तूस ओलं राहिलं की विष्ठेतल्या परजीवीच्या बीजकोशांना १-२ दिवसात रोग लावायची ताकद येते, तिथं नुसत्या खाद्यावर भागत नाही, गादी उलटून कोरडी करावीच लागते.

निकार्बाझिन अंड्यावरच्या कोंबड्यांना देत नाहीत, कवचाचा रंग उडतो आणि उबवणही घटते, शिवाय कडक उन्हाळ्यात ब्रॉयलरही त्याने दगावतात. मोनेन्सिनचं खाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नये, वजनाच्या किलोमागे २-३ मिलिग्रॅम एवढ्यानेही घोडा मरतो.