कोकम : आपोआप उगवणाऱ्या झाडाची पार्श्वभूमी

कोकणात कोकम लावले, असे पूर्वी क्वचितच कोणी म्हणत असे. ते परसात, बांधावर, पऱ्याच्या (लहान ओढ्याच्या) काठी आणि देवराईत आपोआप उगवे, आणि उगवले की राखले जाई. त्यामुळे आंब्याला किंवा काजूला लागवडीचा जसा इतिहास आहे तसा कोकमाला फारसा नाही. त्याचा इतिहास शोधावा लागतो तो स्वयंपाकघरात आणि जंगलात.

'गार्सिनिया इंडिका' हे वनस्पतिशास्त्रीय नाव असलेले हे झाड मँगोस्टीनच्या कुळातले असून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या सदाहरित आणि निमसदाहरित वनांचे मूळ रहिवासी आहे. उंच वृक्षांच्या सावलीत, ओलावा धरणाऱ्या जमिनीत ते संथपणे वाढते. माकडे त्याची आंबटगोड फळे खातात आणि बिया दूरवर नेतात. निमुळता आकार, खाली झुकलेल्या फांद्या, गडद चकचकीत पाने आणि त्यांत उठून दिसणारी लालसर कोवळी पालवी यांमुळे दारात शोभेसाठी लावावे असे हे झाड आहे. उद्यानांत त्याऐवजी परदेशी शोभेची झाडे लावली जातात, याचे वाईट वाटते.

लेखी उल्लेखांपैकी महत्त्वाचा एक गोव्यातला आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या आंबट फळाची नोंद घेतली असून, रंगारी ते वापरतात आणि वाळवलेली साल शिर्का (व्हिनेगर) करण्यासाठी समुद्रापार नेतात, असे म्हटले आहे. म्हणजे ज्या गुणांवर आजही कोकमाचा व्यापार चालतो, तो लाल रंग आणि ती आंबट साल, हे दोन्ही साडेचारशे वर्षांपूर्वीच बाजाराला ठाऊक होते.

खरी कारागिरी मात्र घराघरांतल्या बायकांची. रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळे, फोडून बी आणि गर काढायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा, साली त्या रसात भिजवून उन्हात वाळवायच्या आणि काळपट, मऊ आमसुले होईपर्यंत हीच पुटे पुन्हा पुन्हा द्यायची. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, साखर मुरवलेल्या सालींचे अमृत कोकम, आणि बियांपासून काढलेले, साध्या तापमानालाही घट्ट राहणारे कोकमतेल हिवाळ्यात पायांच्या भेगांना. माशांच्या आमटीत आणि सोलकढीत कोकम कोकण-गोव्याचे. पण आमसुलाचे सार आणि श्राद्धाच्या पानातली आमसुलाची चटणी यांनी ते घाटावरच्या घरांतही पोहोचवले. फळ एप्रिल ते जूनमध्ये पिकते, आणि पाऊस लवकर आला की उभे पीक झाडाखाली सडते. जंगलातले बरेचसे फळ आजही असेच वाया जाते.

शास्त्रीय लागवडीकडे लक्ष गेले ते बरेच उशिरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' आणि पुढे 'कोकण हातीस' या जाती दिल्या आणि रोपाच्या कोवळ्या खोडावर निवडक झाडाची काडी बांधायची मृदुकाष्ठ कलमांची पद्धत रूढ केली. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते, हीच लागवड मागे राहण्याची मोठी अडचण होती. मादी झाडाची काडी बांधता येत असल्याने कलमाने ती सुटली. मात्र आडव्या फांदीची काडी बांधून केलेले कलम जमिनीलगत पसरते; झाडाचा डौल हवा असेल तर उभ्या वाढणाऱ्या शेंड्याचीच काडी घ्यावी लागते.

आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत कोकम 'असुरक्षित' या वर्गात आहे. फळ धरत नाही म्हणून नर झाडे तोडली जातात, हे मला विशेष गंभीर वाटते. त्यांच्या परागाशिवाय शेजारच्या मादी झाडांची फळधारणा घटते. फळांचा आकार, आंबटपणा, सालीची जाडी आणि रंगही झाडागणिक बदलतो; कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात तर पांढुरक्या फळांचे कोकमही आढळते. नव्या जाती याच विविधतेतून निवडल्या गेल्या आहेत, आणि ती अजून परसांत, बांधांवर व देवरायांत उभ्या असलेल्या बियांपासून उगवलेल्या झाडांतच आहे.