बागेतील संरक्षक भिंत (सोलापूर परिसर)

वरच्या पातळीवरची माती खाली घसरू नये म्हणून बांधलेली भिंत म्हणजे संरक्षक भिंत. बोलताना सगळे तिला रिटेनिंग वॉल म्हणतात. कंपाउंडच्या भिंतीला स्वतःचे वजन आणि वारा एवढेच सोसायचे असते, हिच्या पाठीवर मात्र बारा महिने रेटा असतो. सोलापूर शहरात डोंगर नाहीत, तरी ओढ्या-नाल्यांकडे उतरणाऱ्या प्लॉटमध्ये बागेचा भराव अडवायला एक-दीड मीटर उंचीची भिंत लागतेच. अशी भिंत कलली की दोष सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा तिच्यामागे कोंडलेल्या पाण्याचा असतो.

सोलापूरची काळी माती या कामात विशेष त्रासदायक आहे. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की भिंत आणि माती यांच्यामध्ये फट पडते. वरची सुटी माती, कचरा, खडे त्या फटीत पडत राहतात. पाऊस आला की माती फुगते, पण फट आधीच भरलेली असल्याने तिला मागे जागा उरत नाही. ती भिंतीलाच पुढे ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फट, पुन्हा भरणे. दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकणारी भिंत शेवटी ओळंब्यातून जाते, म्हणजे सरळ उभी राहत नाही. म्हणून पाया खणताना निघालेली काळी माती भिंतीमागे परत लोटणे ही काटकसर महागात पडते. ती माती वरच्या थरात झाडांसाठी वापरावी आणि भराव मुरुमाचाच करावा, वीस-वीस सेंटीमीटरचे थर देऊन, धुमसाने ठोकून घट्ट करत. पायाही काळ्या मातीवर ठेवू नये, कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जावे. काळ्या मातीचा थर फारच जाड असेल तर ती काही खोलीपर्यंत काढून तिथे न फुगणाऱ्या चिकट मुरुमाचा थर दाबून भरतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी ही पद्धत कालव्यांच्या कामांसाठी विकसित केली.

पाण्याचा परिणाम आकड्यांत पाहिला की निचऱ्याचे महत्त्व लगेच पटते. दीड मीटर उंचीच्या भिंतीमागे चांगला, कोरडा मुरूम असेल तर दर मीटर लांबीवर साधारण ७०० किलोंचा आडवा रेटा येतो. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला तर रेटा १,४०० किलोंच्या वर जातो. कोरड्या भरावाला सहज पुरणारी भिंत तेव्हा जागेवरून सरकू शकते. उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट.

सोलापुरात एकूण पाऊस कमी, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस एका रात्रीत धो धो कोसळतो. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपूरला कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. घरच्या बागेत आणखी एक गोष्ट असते: हिरवळीला उन्हाळ्यातही पाणी घातले जाते, म्हणजे भिंतीची पाठ कोरडी अशी क्वचितच राहते. त्यामुळे भिंतीला चिकटून ३० सेंटीमीटर रुंदीचा स्वच्छ खडीचा उभा थर द्यावा, त्याच्या तळाशी छिद्रे पाडलेला १०० मिलिमीटर पीव्हीसी पाइप उतार देऊन टाकावा आणि तो मोकळ्या जागी काढावा. भिंतीतून ७५ मिलिमीटर पाइपची निचऱ्याची भोके दर दीड मीटरवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवतात. नुसता पाइपचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवून काम संपत नाही. मागे खडी आणि गाळण कापड (जिओटेक्स्टाइल) नसेल तर पहिल्या मोठ्या पावसातच पाइपच्या तोंडाशी गाळ बसतो, वाळून घट्ट होतो आणि ते भोक कायमचे बंद पडते.

आरसीसी (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या) भिंतीत सळईची जागा फार महत्त्वाची. मातीच्या रेट्याने भिंत पुढे वाकू पाहते, त्यामुळे ताण मातीकडच्या बाजूला येतो. मुख्य उभ्या सळया तिकडेच हव्यात. त्या दिसणाऱ्या बाजूला बांधल्या तर असून नसल्यासारख्या होतात. दीड मीटरच्या भिंतीला २०० मिलिमीटर जाडी, १० मिलिमीटरच्या उभ्या सळया १५० मिलिमीटर अंतरावर आणि ८ मिलिमीटरच्या आडव्या सळया, असे साधारण प्रमाण असते; पायाची रुंदी मीटरभर, त्यातला मोठा भाग मातीखाली, म्हणजे मातीचेच वजन भिंतीला धरून ठेवते. उभ्या सळया पायात वळवून पुरेशा लांब न्याव्यात. पायातल्या सळयांना ५० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) ठेवावे आणि त्यासाठी सळईखाली ठेवायचे तयार ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉकच वापरावेत, विटेचे तुकडे नव्हेत. उंची दीड मीटरच्या वर असेल, किंवा वर गाडी उभी राहणार असेल, तर आकडेमोड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावी.

काँक्रीटवर पाणी मारणे इथे विशेष जड जाते, कारण नळाला पाणी काही दिवसांआड येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस आणि फ्लाय अ‍ॅशचे (कोळशाची राख मिसळलेले) सिमेंट असेल तर १४ दिवस काँक्रीट ओले ठेवायला हवे. टाकी भरून ठेवल्याशिवाय काँक्रीट ओतू नये. ओली बारदाने गुंडाळली तर कमी पाण्यात भागते.

मीटरभरापर्यंतच्या उंचीला काळ्या दगडाची कोरडी, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली भिंत उत्तम, शेतातल्या तालीसारखी (दगडी बांधासारखी). सांध्यांतून पाणी आपोआप निघून जाते. मात्र पायाशी रुंदी उंचीच्या निम्मी, दर्शनी बाजूला मागे ढाळ आणि ठरावीक अंतरावर आरपार दगड हवेत. भिंतीजवळ वड, पिंपळ, उंबर लावू नयेत. डाळिंब, मोगरा, जास्वंद चालतात.