वारा किती, वैमानिक किती: ग्लायडरच्या उपकरणांमागचा इतिहास

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम केलेल्या माणसाला कॅलिब्रेशनचे, म्हणजे उपकरण प्रमाण मापाशी ताडून पाहण्याचे, महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. मायक्रोमीटर कितीही भारी असला, तरी तो स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, तपासल्याशिवाय त्याच्या मापावर जॉब पास करायचा नाही, ही तिथली रीत आहे. ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाच्या, इलेक्ट्रॉनिक उपकरणांनाही हीच रीत लागू पडते. मात्र तिथे मोजायची वस्तू हवा असल्यामुळे ती पाळणे बरेच अवघड होते, आणि ही उपकरणे आजच्या रूपात का आली हे त्या अडचणीतूनच समजते.

जर्मनीतील वासरकुप्पे डोंगरावर 1920 पासून ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या, तेव्हा उड्डाण डोंगराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर होत असे आणि उतार जवळच दिसत असल्याने उंचीचा अंदाज डोळ्यांनी येई. डोंगर सोडून तापलेल्या जमिनीवरच्या थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, घिरट्या घालायच्या, तर शरीर फसवते, कारण शरीराला वेगातला बदल जाणवतो, एकसारख्या वेगाने वर जाणे किंवा खाली येणे जाणवत नाही. बलूनमध्ये आधीपासून वापरले जाणारे व्हेरिओमीटर, म्हणजे वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारे उपकरण, दशकाच्या अखेरीस रॉबर्ट क्रोनफेल्ड यांच्या ग्लायडरमध्ये आले, आणि 1929 मध्ये त्यांनी 100 किलोमीटरहून अधिक अंतर पार केले. उपकरणाची रचना साधी होती: उष्णतारोधक बाटली, तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी बारीक वाट आणि त्या वाटेने जाणाऱ्या हवेचा प्रवाह दाखवणारा काटा. वर जाताना बाहेरचा दाब उतरतो, बाटलीतली हवा बाहेर पडते आणि काटा वर सरकतो.

खरा पेच यानंतर सुरू झाला. ताशी 150 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वैमानिकाने दांडी मागे ओढून वेग 90 वर आणला, तर हवा पूर्ण स्थिर असतानाही ग्लायडर सुमारे 55 मीटर वर जातो आणि काटा आनंदाने थर्मल दाखवतो. ही वाढ हवेने दिलेली नसून वेग मोडून मिळालेली असते. अमेरिकेतील आर्थर कॅन्ट्रोविट्झ यांनी 1940 च्या सुमारास यावर सुचवलेला मार्ग असा, की उपकरणाने नुसती उंची न पाहता उंची आणि वेग यांची मिळून होणारी एकूण ऊर्जा पाहावी. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात शोषण निर्माण करणारी नळी बाहेर बसवली, की वैमानिकाच्या हालचालीचा परिणाम काट्यावरून बराचसा वजा होतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे, कारण ती एका वाकड्या नळीत मावते.

त्यानंतर पॉल मॅकक्रीडी यांनी व्हेरिओमीटरभोवती एक फिरते कडे बसवले; पुढच्या थर्मलचा अपेक्षित जोर त्यावर लावला, की दोन थर्मलमधले अंतर किती वेगाने कापावे ते वाचता येई. ते 1956 मध्ये जागतिक विजेते झाले. आजच्या फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या नावाचे जे मूल्य भरावे लागते, ते या कड्याचेच वंशज होय.

इलेक्ट्रॉनिक्सने आधी काट्याची सुस्ती घालवली: बाटलीतून येणाऱ्या प्रवाहात तापवलेले थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारे घटक) ठेवून त्यांच्या थंड होण्यावरून वेग मोजला जाऊ लागला. पुढे दाबाचे सेन्सर आले आणि बाटलीचीही गरज संपली. आवाज देणाऱ्या व्हेरिओमीटरमुळे नजर बाहेर ठेवता येऊ लागली, जे एकाच थर्मलमध्ये चार ग्लायडर फिरत असताना फार मोलाचे असते. 1990 च्या दशकात जीपीएस असलेले फ्लाइट रेकॉर्डर विक्रमांच्या नोंदीसाठी मान्य झाले. तरीही दाबावरून काढलेली उंची त्यांत राहिली, आणि दाबाचा सेन्सर काळाबरोबर सरकतो म्हणून त्याचे ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन करण्याचा नियमही राहिला. दाबाच्या पेटीत ठेवून रेकॉर्डरची नोंद 1013.25 हेक्टोपास्कल या प्रमाण दाबापासून पुढच्या पायऱ्यांवर ताडून पाहिली जाते.

कोल्हापूरच्या हवेत हे आकडे कागदावर राहत नाहीत. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्याने तिथला दाब साधारण 943 हेक्टोपास्कल असतो. एप्रिलच्या दुपारी पारा 38 अंशांवर गेला, की हवा प्रमाण घनतेपेक्षा जवळपास 14 टक्के विरळ होते आणि वेगमापक ताशी 100 किलोमीटर दाखवत असताना खरा वेग 107 ते 108 असतो. जमिनीनजीक 1 हेक्टोपास्कलची चूक उंचीत साधारण 9 मीटरची चूक होते. कॉम्प्युटर वाऱ्याचा आणि घरी पोहोचण्याचा हिशेब याच मापांवर करतो, त्यामुळे सेन्सरची चूक पडद्यावर दशांशासह, अगदी विश्वासार्ह दिसत उमटते.

एकूण ऊर्जेची जुनी चाचणी मात्र बदललेली नाही. सकाळी हवा स्थिर असताना वेग वाढवायचा, दांडी हळूच मागे घ्यायची आणि काटा पाहायचा: तो वर उसळला तर वेगातल्या बदलाची भरपाई कमी पडते आहे, खाली आदळला तर जास्त होते आहे. सेटिंगमधला आकडा बदलण्याआधी मात्र नळ्यांची जोडणी तपासावी, कारण कडक झालेल्या रबरी नळीतून हवा गळत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये केलेली दुरुस्ती एका वेगाला बरोबर येते आणि दुसऱ्याला चुकते.