सोबत थांबणे आणि उपचारात सहभागी होणे

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटेशेजारी चटई टाकून बसलेला नातेवाईक दिसला की घरचे उपचारात सहभागी आहेत, असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा केवळ सोबत असतो. रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोहोचवणे, केसपेपर सांभाळणे, सलाईन संपत आले की सिस्टरांना हाक मारणे ही त्याची कामे मनुष्यबळाची उणीव भरून काढतात; त्यांना सहभाग म्हणणे मला पटत नाही.

घरच्यांना ठाऊक असलेली गोष्ट उपचारांच्या आखणीत उतरते, तेव्हा सहभाग सुरू होतो. समजा, शिरपूर तालुक्यातील एक वृद्ध लकव्यामुळे दाखल आहेत. फिजिओथेरपीचा विद्यार्थी त्यांना वॉर्डातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावले चालवतो आणि सुधारणा झाल्याची नोंद करतो. तेवढ्यात सून सांगते, की घराला वीतभर उंबरठा आहे, संडास अंगणापलीकडे आहे आणि दिवसा सगळे शेतात असतात. हे ऐकून उंबरठा ओलांडण्याचा सराव सुरू झाला आणि डिस्चार्ज कार्डावर तसे लिहिले गेले, तर ती सहभागी झाली. विद्यार्थ्याने नुसती मान डोलावली, तर ती सोबतच राहिली. खाण्यापिण्याचेही तसेच आहे. लकव्यानंतर गिळणे बिघडलेले असू शकते, आणि मायेपोटी आडव्या रुग्णाला पाजलेला चहा श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ‘काही पाजू नका’ असे दरडावण्याने सुनेला यातले काहीच कळत नाही. गिळण्याची तपासणी होऊन परवानगी मिळाल्यावर नर्सिंगच्या विद्यार्थिनीने सासऱ्यांना ताठ बसवून तिच्याच हातून चमचाभर पाणी द्यायला लावले, तर कळते.

स्वीडनमधील लिंकोपिंग येथे 1996 पासून वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांचे विद्यार्थी देखरेखीखाली एकत्र वॉर्ड सांभाळत आले आहेत. आपल्याकडे ते सहसा वेगवेगळे येतात, त्यामुळे सून तीच हकीकत चौथ्यांदा सांगते. तरीही वरिष्ठांच्या घाईच्या राऊंडपेक्षा विद्यार्थ्यांजवळ बसायला वेळ अधिक असतो, आणि त्यातल्या कोणी ‘कसं शे आते, बाबा?’ असे अहिराणीत विचारले, की एरवी न सांगितलेलेही बोलले जाते. मात्र ‘घरी कधी सोडणार?’ याचे उत्तर विद्यार्थ्याने वरिष्ठांना विचारूनच द्यावे.

शिवाय रुग्ण शुद्धीवर असेल, तर घरच्यांना काय सांगायचे हे आधी त्यालाच विचारावे लागते. खाटेपाशी उभा असलेला मुलगा बापाच्या वतीने उत्तरे देत असताना हेच नेमके राहून जाते.