कॉर्कचा लँगर, बेलफास्टची ‘वी’ आणि क्रॅकच्या स्पेलिंगचं भांडण

बेलफास्टमधल्या एखाद्या दुकानात गल्ल्यापाशी दोन मिनिटं उभं राहावं. बाई म्हणते, “तुमचं वी कार्ड इथे टेकवा. वी पिशवी देऊ का? ही घ्या वी पावती.” ‘वी’ म्हणजे इवलंसं. कार्ड जगात सगळीकडे एकाच मापाचं असतं आणि पावती कधीकधी हातभर लांब निघते. पण हा ‘वी’ मापाचा नाहीच. समोरच्याकडे काही मागताना ते टोचू नये, म्हणून शब्दावर धरलेली ती साय आहे. डब्लिनहून आलेल्या माणसाला याची गंमत वाटते, तो घरी जाऊन नक्कल करतो. ती नक्कल ऐकून बेलफास्टचा माणूस वैतागतो, कारण आपण हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो याचा त्याला पत्ताच नसतो.

आयर्लंड बेट तसं लहान. काउंट्या ३२ आणि उत्तर-दक्षिण मिळून वस्ती सुमारे ७० लाख. तरी पायातल्या कॅनव्हासच्या बुटांना डब्लिनमध्ये ‘रनर्स’, लिमरिकमध्ये ‘टॅकीज’, कॉर्कमध्ये ‘रबर डॉलीज’ आणि बेलफास्टमध्ये ‘गटीज’ म्हणतात. हा शेवटचा शब्द गटापर्चा नावाच्या रबरासारख्या चिकावरून आला. शाळेला दांडी मारणं म्हणजे डब्लिनमध्ये ‘ऑन द हॉप’, कॉर्कमध्ये ‘ऑन द लँग’, बेलफास्टमध्ये ‘बीकिंग’, आणि बऱ्याच ठिकाणी ‘मिचिंग’. तरुण पोरांच्या चुंबनाला डब्लिनमध्ये ‘मीट’ आणि गावाकडे ‘शिफ्ट’. एवढ्याशा जागेत इतके शब्द कसे, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यात एकाहून अधिक थर आहेत.

पहिला आणि सगळ्यांत जाड थर भाषा बदलण्याचा, म्हणजे बेटाची मूळची आयरिश भाषा सोडून इंग्रजीकडे जाण्याचा. १८३१ मध्ये सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, त्यांचं माध्यम इंग्रजी होतं. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. फटका सर्वाधिक बसला तो आयरिश बोलणाऱ्या पश्चिम आणि दक्षिण भागाला. १८५१ च्या जनगणनेत आयरिश येणारे १५ लाखांच्या आसपास उरले होते. मोठ्यांनी इंग्रजी उचलली, पण वाक्याचा सांगाडा आयरिशच ठेवला. म्हणून आजही तिथे ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे झापणं, रागावणं. आयरिशमध्ये त्यासाठी ‘बाहेर देणं’ असाच प्रयोग आहे. ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणजे ‘आत्ताच जेवलो’. त्याचा अर्थ ‘जेवणाच्या मागे लागलोय’ असा घेतला की माणूस दुसऱ्यांदा वाढायला घेतो. लहानपणा दाखवणारा आयरिश ‘-ईन’ प्रत्ययही राहिला: गावच्या पांदीला ‘बोरीन’, आणि डब्लिनच्या शहरी टिकोजीरावाला ‘जॅकीन’. डब्लिनकर त्याची परतफेड ‘कल्ची’ म्हणून करतो, म्हणजे खेडवळ. कल्ची हा शब्द मेयो काउंटीतल्या किल्टिमाग गावावरून आला असं पुष्कळ जण मानतात.

मुळात आयरिश भाषेच्याच दक्षिणेत मन्स्टर, पश्चिमेत कॉनॉट आणि उत्तरेत अल्स्टर अशा वेगवेगळ्या प्रांतांच्या बोली होत्या. त्यामुळे तिच्यावर बसलेली इंग्रजीही भागाभागात वेगळी झाली. उत्तरेत त्यावर आणखी एक थर चढला. १६०९ नंतर अल्स्टरमध्ये स्कॉटलंडचे शेतकरी वसवले गेले आणि त्यांच्यासोबत ‘वी’, ‘आय’ (म्हणजे होय) आणि पोरांसाठी ‘वेन्स’ हे शब्द आले. वाटेत अर्थही सरकले. स्कॉटलंडमध्ये ‘स्कनर्ड’ म्हणजे वैतागलेला. बेलफास्टमध्ये त्याचा ‘स्कंडर्ड’ झाला आणि अर्थ झाला शरमेने पाणी पाणी झालेला. डब्लिनचा माणूस याच प्रसंगी ‘स्कार्लेट’ म्हणेल, म्हणजे लालबुंद.

या शब्दांची मोजदाद गंभीरपणे करणाऱ्यांत पी. डब्ल्यू. जॉइस हे नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी १८९२ मध्ये आयरिश वृत्तपत्रांत पत्र छापून वाचकांकडून बोलीतले शब्द मागवले आणि १९१० मध्ये त्याचं पुस्तक केलं. कोशाचं काम त्यानंतर बरंच रेंगाळलं. बर्नार्ड शेअर यांचा स्लँगचा कोश १९९७ चा, तर टेरेन्स डोलन यांचा आयरिश इंग्रजीचा कोश १९९८ चा.

सगळ्यांत लांबलेलं भांडण मात्र ‘क्रॅक’चं. अर्थ गप्पा, मजा, खबरबात. परदेशी माणूस हा शब्द पबच्या पाटीवर वाचतो आणि त्याला शुद्ध गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतला, समजतो. प्रवास नेमका उलटा आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘क्रॅक’ म्हणजे गप्पाटप्पा. तिथून तो अल्स्टरमध्ये आला, अल्स्टरमधून दक्षिणेत उतरला, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आयरिश भाषेने तो आपलासा केला. आयरिशच्या परंपरेतल्या १८ अक्षरांत ‘के’ नाही, म्हणून शेवटच्या ‘सी-के’ऐवजी ‘आय-सी’ असं लिहिलं गेलं. १९७० च्या दशकात आयरिश भाषेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाचं ‘संगीत, गप्पा आणि क्रॅक’ हे पालुपद घरोघरी पोचलं. मग हे नवं स्पेलिंग इंग्रजीत परतलं. १९९० च्या दशकात तर आयरिश पब हा निर्यातीचा माल झाला. लाकडी काउंटर, जुन्या धाटणीच्या पाट्या, शेल्फं सगळं आयर्लंडमध्ये बनवून परदेशात पाठवलं जायचं, आणि त्या सामानासोबत ‘क्रॅक’ही गेला.

‘आयरिश टाइम्स’मध्ये शब्दांवर सदर लिहिणारे डियरमिड ओ मुरिहे यांना या स्पेलिंगची चीड होती. साध्या बोलीतल्या शब्दाला गेलिक झगा कशाला, हा त्यांचा मुद्दा. इतिहास म्हणून ते शंभर टक्के बरोबर होते. पण जो शब्द दुसऱ्या भाषेत राहून, तिथले कपडे घालून परत येतो, त्याला जुन्या नावाने हाक मारून उपयोग नसतो. शिवाय ‘के’वाल्या स्पेलिंगने पबच्या दारावर ‘आज रात्री क्रॅक मिळेल’ असं लिहिलं, तर हल्ली पोलीसच चौकशीला यायचे, कारण क्रॅक हे कोकेनच्या एका प्रकाराचंही नाव आहे.

चिडण्याची खरी मेख इथे दिसते. शेजारच्या काउंटीतून माणसाच्या तोंडून आलेला शब्द आयरिश माणूस सहसा खपवून घेतो, त्याची टर उडवतो आणि सहा महिन्यांनी स्वतःच वापरायला लागतो. तोच शब्द पाटीवरून, जाहिरातीतून किंवा पडद्यावरून आला की त्याला खुपतो.

तोंडातून शब्द पसरण्याचा एक रस्ता तर भलताच मजेशीर. आयरिश शिकण्यासाठी शाळकरी पोरं उन्हाळ्यात गेलटॅक्टमध्ये, म्हणजे आयरिश बोलल्या जाणाऱ्या भागात, साधारण तीन आठवड्यांच्या निवासी वर्गाला जातात. तिथे इंग्रजी बोलायला बंदी असते आणि वारंवार पकडला गेलेला पोरगा घरी पाठवला जातो. पण काउंटी-काउंटीची पंधरा-सोळा वर्षांची पोरं एका छपराखाली आली की रात्री दिवे मालवल्यावर कुजबुज चालते ती इंग्रजीतच. डब्लिनची पोरगी ‘शिफ्ट’ शिकून घरी येते ती अशी. पुढचं काम कॉलेजची वसतिगृहं आणि शुक्रवारी संध्याकाळी डब्लिनहून गावाकडे सुटणाऱ्या बसगाड्या करतात.

दुसरा रस्ता कमी हसरा आहे. कॉर्कमध्ये पोराला ‘फीन’ आणि पोरीला ‘ब्यूर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजाच्या भाषेतले. अभ्यासक तिला शेल्टा म्हणतात, बोलणारे कँट किंवा गॅमन. १८९१ मध्ये कुनो मेयर यांनी दाखवून दिलं की तिचे पुष्कळ शब्द आयरिश शब्दांची अक्षरं उलटीपालटी करून बनवलेत. आयरिशमधल्या ‘कॅलीन’चं, म्हणजे मुलीचं, ‘लाकीन’ होतं. दाराच्या ‘दोरस’चं ‘रोदस’. बाहेरच्याला कळू नये हाच हेतू. ती गुप्त भाषा बाहेरच्यांच्याच तोंडी स्लँग म्हणून बसली. आयर्लंडच्या सरकारने ट्रॅव्हलरांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता दिली ती १ मार्च २०१७ ला. या लोकांना दारात उभं न करणारे पबवाले त्यांचेच शब्द काउंटरवर मजेत वापरतात. हा चावटपणा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

कॉर्क हे एकूणच खाशा शब्दांचं कोठार. तिथे पुरुष पुरुषाला ‘बॉय’ म्हणतो आणि उच्चार करतो ‘बाय’. मराठी कान दचकतो. पण त्या शहराचा मानाचा शब्द ‘लँगर’. अर्थ मूर्ख, आगाऊ, डोक्यात जाणारा इसम. दुसरा अर्थ पुरुषाचं इंद्रिय. ‘लँगर्स’ म्हणजे टाइट, दारूने. २००४ मध्ये या शब्दावरच्या एका विनोदी गाण्याने तो आयर्लंडभर नेला. व्युत्पत्ती अशी सांगतात की हिंदुस्थानात गेलेल्या रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्सच्या शिपायांना लंगूर माकडांनी सतावलं आणि ते शिवी घेऊन घरी आले. पलटण खरी आहे. कंपनी सरकारच्या बंगालच्या दोन गोऱ्या पलटणी एकत्र करून १८८१ मध्ये ती उभी राहिली, आणि तिची भरती कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर या भागांतून होई. संस्कृतात लांगूल म्हणजे शेपूट, तेव्हा दुसरा अर्थही जुळवून घेता येईल. तरी ही गोष्ट जपूनच घ्यावी. माकडाने फार तर शिवी समजते. दारूच्या ‘लँगर्स’चं आणि शाळा बुडवण्याच्या ‘लँग’चं काय करायचं? इतकी नेटकी व्युत्पत्ती बहुतेक वेळा नंतर शिवलेली असते.

हिंदुस्थानातून गेलेला शब्द हवाच असेल तर तो आपल्या नाशिकजवळचा आहे. ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. ब्रिटनमध्ये चालतो तसा आयर्लंडमध्येही चालतो. मूळ देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट पाहत बसत, आणि बोटी सुटत त्या हिवाळ्याच्या हंगामातच. चुकीच्या महिन्यात पोचलेल्याला महिनोन्‌महिने ऊन, कंटाळा आणि दारू. त्या अवस्थेचं पूर्ण नाव होतं ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. डब्लिनचं आणि मुंबईचं लष्करी नातंही थेट आहे: १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स तयार झाली ती मद्रास आणि बॉम्बे फ्युझिलिअर्स एकत्र करून.

डब्लिनने देशाला स्लँगपेक्षा जास्त चीड आणणारी गोष्ट दिली, ती म्हणजे हेल. १९८४ मध्ये किनाऱ्यालगत ‘डार्ट’ ही विजेची लोकल सुरू झाली. तिच्या दक्षिणेकडच्या सुखवस्तू उपनगरांतली पोरं तिला ‘डॉर्ट’ म्हणतात अशी चेष्टा होऊ लागली आणि त्या बोलण्याला नावच पडलं ‘डॉर्टस्पीक’. भाषाशास्त्रज्ञ रेमंड हिकी यांचा अभ्यास सांगतो की हे निव्वळ नखरे नव्हते. शहरातला नवा मध्यमवर्ग कामगार वस्तीच्या डब्लिनी बोलीपासून स्वतःला वेगळं काढत होता, आणि त्यात स्वरांची अख्खी साखळी सरकली. गावाकडून शिकायला आलेल्या पोरांनी ते स्वर उचलले आणि सुटीत घरी नेले. पोरगा निवेदकासारखा बोलायला लागला तेव्हा बाप म्हणाला, “रेडिओवरच्या रहदारीच्या बातम्या झाल्या असतील तर जेवायला बस.”

पडद्यानेही आपला वाटा उचलला. १९९५ ते १९९८ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल ४ वर चाललेल्या ‘फादर टेड’ या विनोदी मालिकेने ‘फेक’ ब्रिटनभर नेला. हा ‘एफ’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी शिवीचा सौम्य भाऊ. जुन्या डब्लिनी बोलीत त्याचा अर्थ चोरणं असाही होता. २०१८ ते २०२२ मध्ये उत्तरेतल्या डेरी शहरावरच्या ‘डेरी गर्ल्स’ मालिकेने ‘वेन्स’ आणि ‘कॅच युअरसेल्फ ऑन’ (भानावर ये!) जगभर पोचवले. डेरीत लोक खूश झाले, आणि पर्यटक तेच वाक्य ऐकवायला लागले तेव्हा तितकेच कंटाळले. मार्च २०२५ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने वॉटरफर्डच्या मऊ पावाचा ‘ब्ला’ आणि चिनी टेकअवेमधल्या मसालेदार चिकन-चिप्सची ‘स्पाइस बॅग’ नोंदवून घेतली.

नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसाचं काम अडतं ते यापेक्षा साध्या शब्दांवर. ‘ग्रँड’ म्हणजे भव्य नव्हे. ‘ठीक आहे, चालेल’. कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीजवळच्या, कपडे उबदार ठेवायच्या कपाटाला ‘हॉट प्रेस’. तिथे इस्त्री शोधू नये. सहकाऱ्याकडे ‘राइड’ मागू नये, ‘लिफ्ट’ मागावी. राइडचा अर्थ तिथे शय्यासोबतीकडे जातो, आणि ही फजिती पुढे वर्षभर सांगितली जाते. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ला ‘विशेष काही नाही’ एवढंच उत्तर पुरतं. आणि कॉर्कमध्ये कुणी शनिवारी सामान हलवायला येशील का असं विचारल्यावर समोरचा मान हलवत, जरा लांबवून ‘आय विल, या’ म्हणाला, तर त्याच्यासाठी चहा टाकून ठेवू नये. तो येणार नाही.